ओळखीची राखण
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान मला दिल्याबद्दल मी प्रथम कार्यकारिणीचे मनःपूर्वक आभार मानतो. मी साहित्यिक नव्हे आणि वक्ताही नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो, आणि त्यानंतरची तीसएक वर्षे फायलींवर शेरे लिहिण्यात व दर चार-पाच वर्षांनी बिऱ्हाड हलविण्यात गेली. तेव्हा संतवाङ्मय किंवा नाट्यसंगीत अशा विषयांवर मी काही सांगावे, अशी अपेक्षा आपणही ठेवली नसेल. आपल्या सर्वांच्या घराशी ज्याचा संबंध आहे, असा एक रूक्ष परंतु निकडीचा विषय मी आज निवडला आहे. तो म्हणजे आपल्या ओळखीची चोरी आणि तीपासून स्वतःचे रक्षण.

'ओळख' या आपल्या शब्दाला दोन अर्थ आहेत. 'त्यांची माझी ओळख आहे' असे आपण म्हणतो तेव्हा परिचय अभिप्रेत असतो. 'ओळख पटली' असे म्हणतो तेव्हा समोरचा मनुष्य तोच आहे, अशी खात्री झालेली असते. पन्नास वर्षांपूर्वी या मंडळाची स्थापना झाली, त्या काळी हे दोन्ही अर्थ बहुधा एकच होते. नव्या नोकरीवर रुजू होण्यासाठी एखादा तरुण ट्रंक आणि वळकटी घेऊन या गावच्या स्टेशनावर उतरे. त्याच्या खिशात मामांची चिठ्ठी असे. मंडळातले एखादे वडीलधारे गृहस्थ ती वाचून विचारीत, "वाईचे का? कोणत्या आळीत घर? अमक्या मास्तरांचे आपण कोण?" अशा चार प्रश्नांत त्या तरुणाची पारख होई, आणि रात्रीच्या पिठले-भाताला तो त्यांच्या घरी पाटावर बसलेला असे. त्या काळी तोतयेगिरी करायची, तर चोराला वाईच्या आळ्या पाठ कराव्या लागल्या असत्या.

सांप्रत तसे राहिलेले नाही. बँक, निवृत्तिवेतन कार्यालय, गॅसची एजन्सी, दूरध्वनी कंपनी, यांपैकी कोणीही आपल्याला चेहऱ्याने ओळखत नाही. त्यांच्या लेखी आपण म्हणजे दहा अंकी मोबाईल क्रमांक, बारा अंकी आधार क्रमांक, दहा अक्षर-अंकांचा पॅन, आणि क्षणभर चालणारा तो परवलीचा आकडा, ज्याला आपण ओटीपी म्हणतो. ही व्यवस्था वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिला गेला. ज्यांच्याजवळ आपण कोण हे सांगणारा एकही कागद नव्हता, अशा असंख्य माणसांना त्या क्रमांकाने दारात उभे राहण्याचा हक्क मिळवून दिला, हे विसरून चालणार नाही. परंतु आकड्यांना चेहरा नसतो. ते ज्याच्या हाती पडतील, तो काही काळ आपण होऊ शकतो, ही त्या सोयीची दुसरी बाजू आहे.

तोतया ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यानंतर काही काळाने 'मीच भाऊसाहेब' म्हणणारा एक इसम उभा राहिला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत त्याची चौकशी झाली आणि तो कैदेत पडला. पुढे १७७६ साली तो सुटला, आणि कोकणातील किल्ले व हजारो माणसे त्याला मिळाली. अखेर त्याच वर्षी तो पकडला जाऊन पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकामुळे हा इतिहास आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. मी त्याची आठवण करतो, ती एवढ्यासाठी, की एवढी माणसे फसली कशी, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतीचे निधन कधीच मान्य केले नव्हते. भाऊसाहेब परत यावेत, ही आस कितीतरी घरांना लागलेली होती. तोतयाला खरे बळ मिळाले, ते त्या आशेचे. रूपसाम्य हे त्यापुढे गौण होते. ज्या गोष्टीची आपल्याला ओढ असते, तिची पारख करताना आपण सैल पडतो.

आता आपल्याच मंडळातील एक हकीगत सांगतो. ज्यांच्याबाबत ती घडली, त्या काकूंची मी परवानगी घेतली आहे. त्यांचे नाव मी सांगणार नाही, आणि कोणी तर्कही करू नये. काकूंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. मुलगा परदेशी, घरात त्या एकट्या. गेल्या नोव्हेंबरात एके दुपारी त्यांना फोन आला. पलीकडचा तरुण स्वच्छ, घरगुती मराठीत बोलत होता. "काकू, मी पेन्शनच्या कार्यालयातून बोलतोय. आमच्या यादीत तुमचा हयातीचा दाखला लागलेला दिसत नाही. आज नोंद झाली नाही, तर पुढच्या महिन्याची पेन्शन अडकेल. काकांच्या माघारी तुम्हाला खेपा घालायला लागू नयेत, म्हणून मीच फोन केला." त्याला काकूंचे पूर्ण नाव ठाऊक होते, कैलासवासी काकांचे नाव व खाते ठाऊक होते, घराचा पत्ता आणि जन्मतारीख ठाऊक होती. एवढे ज्याला ठाऊक, तो परका कसा असेल? त्याने 'पडताळणीसाठी' आधार क्रमांक विचारला, मग बँकेच्या कार्डावरचे आकडे विचारले, आणि शेवटी फोनवर आलेला ओटीपी वाचून दाखवायला सांगितला. काकूंनी चष्मा लावून तो वाचला.

या मधल्या दहा मिनिटांत काय झाले, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. त्या आकड्यांच्या जोरावर त्याने स्वतःच्या फोनवर काकूंच्या नावाने बँकेचे अ‍ॅप सुरू केले आणि त्याचा परवलीचा शब्द स्वतः ठरविला. त्या संध्याकाळी बँकेच्या लेखी काकू म्हणजे तो मनुष्य होता. काकूंच्या नावाने त्यानेच मुदत ठेव मोडली, आणि १ लाख ८० हजार रुपये निरनिराळ्या खात्यांत पांगले. काकूंना ते तिसऱ्या दिवशी पासबुक भरताना कळले. पण त्या कोणाला बोलल्या नाहीत. मुलगा रागावेल, लोक हसतील, या संकोचाने अकरा दिवस त्यांनी ते मनात ठेवले. अखेर भजनाच्या वेळी माझ्या पत्नीपाशी त्यांना रडू कोसळले. त्या एवढेच म्हणाल्या, "तो मराठीत बोलला हो. इतक्या दिवसांत फोनवर 'काकू' म्हणून कोणी हाकच मारली नव्हती."

बंधुभगिनींनो, हे वाक्य ऐकल्यापासून माझ्या मनातून गेलेले नाही. परप्रांती राहणाऱ्या आपल्या सर्वांच्या घराला मायबोली नावाचे एक दार आहे, आणि त्याला आपण कडी लावीत नाही. बाजारात मराठी शब्द कानी पडला, तरी आपण वळून पाहतो. हा आपला स्नेह आहे, आणि तो टिकावा म्हणूनच हे मंडळ आहे. परंतु भाषा हा ओळखीचा पुरावा नव्हे. आणि त्याहून अधिक टोचणारी गोष्ट अशी, की काकूंचे नाव, काकांचे खाते, पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि जन्मतारीख या पाचही गोष्टी आपल्याच मंडळाच्या जुन्या स्मरणिकेतील सभासद-सूचीत ओळीने छापलेल्या आहेत. त्या सूचीची छायाचित्रे पुढे किती फोनांवर फिरली, हे कोण सांगणार? त्या मनुष्याने ती पाहिलीच होती, असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. त्याला ती पुरेशी झाली असती, एवढे मात्र खास.

आता उपाय. सरकारी नोकराच्या सवयीप्रमाणे मी ते क्रमाने मांडतो.

पहिला उपाय वृत्तीचा आहे. ज्याने फोन केला, त्याने आपली ओळख पटवावयाची असते, आपण नव्हे. तो आपल्याविषयी जे जे सांगेल, त्यावरून त्याला माहिती मिळाली आहे एवढेच सिद्ध होते. तो कोण आहे, हे सिद्ध होत नाही. फोन ठेवावा, आणि पासबुकावर किंवा कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. ओटीपी ही किल्ल्यावरची रात्रीची परवल आहे. ती आत शिरू पाहणाऱ्याला सांगायची नसते. हयातीच्या दाखल्यासाठी तर तिची कोणाला फोनवर गरजच पडत नाही. 'जीवन प्रमाण'ची सोय नोव्हेंबर २०१४ पासून आहे, आणि नोव्हेंबर २०२१ पासून घरच्या फोनवर चेहरा दाखवूनही तो दाखला देता येतो. मात्र आपण होऊन तो द्यावा. कोणी मागितला म्हणून देऊ नये.

दुसरा उपाय घाईविषयी. अलीकडे 'डिजिटल अरेस्ट' नावाचा एक प्रकार बोकाळला आहे. गणवेशातला मनुष्य फोनच्या पडद्यावर दिसतो, आपल्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडल्याचे सांगतो, आणि पैसे भरीपर्यंत पडद्यासमोरून उठू देत नाही. कायद्यात अशी अटकच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांनी ते सांगितले होते. मी माझ्या अनुभवाची भर घालतो. शासनाची नोटीस कागदावर येते, तिच्यावर जावक क्रमांक व दिनांक असतो, आणि उत्तराला मुदत असते. फोनवरून अर्ध्या तासात निकाल लावण्याची तत्परता मी तीस वर्षांत कोणत्याही कार्यालयात पाहिलेली नाही. जो सरकारी मनुष्य घाई करतो, तो सरकारी नव्हे, असे खुशाल समजावे.

तिसरा उपाय आपल्यासारख्या बदलीच्या माणसांसाठी. आपण नव्या गावी जातो, तेव्हा घरमालक, दलाल, गॅस, शाळा आणि सिमकार्डवाला अशा पाच-सात ठिकाणी आधार व पॅनच्या झेरॉक्स देतो, आणि गाव सोडताना त्या तिथेच राहतात. काही वर्षांपूर्वी मी सहज माझा पतअहवाल मागविला, तेव्हा मी केव्हाच सोडलेल्या एका शहरात माझ्या नावावर मोबाईलसाठी घेतलेले हप्त्यांचे कर्ज आढळले. ते खोडून घेण्यास सात महिने आणि चौदा पत्रे लागली. मी घेतलेले नाही, हे सिद्ध करण्याची पाळी माझ्यावर आली होती. तेव्हापासून मी झेरॉक्सवर आडवा शेरा मारतो, 'फक्त गॅसजोडणीसाठी', आणि खाली तारीख व सही करतो. आयुष्यभराची शेरे मारण्याची सवय घरच्या उपयोगी पडली, ती अशी. शिवाय आधारची एक प्रत अशीही मिळते, जिच्यावर शेवटचे चारच अंक दिसतात. जिथे चालेल, तिथे तीच द्यावी. बोटांचे ठसे व डोळ्यांची नोंद कुलूपबंद करण्याची सोय आधारच्या संकेतस्थळावर आहे. गरजेपुरते ते कुलूप उघडता येते. पतअहवालाविषयी सांगायचे, तर सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या ती नोंद ठेवतात. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने २०१७ पासून प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावयाचा असतो. गुढीपाडव्याला पंचांग पाहतो, तसा तोही पाहावा, असे मी सुचवितो.

चौथा उपाय मोबाईल क्रमांकाविषयी. आजच्या काळात तोच आपल्या तिजोरीचा उंबरठा आहे. बदली झाल्यावर किंवा परदेशी गेल्यावर आपण जुन्या क्रमांकाचा रिचार्ज थांबवितो. तो क्रमांक बंद पडतो, आणि निदान ९० दिवसांनंतर कंपनी तो दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. बँकेत मात्र आपल्या नावापुढे तोच राहिला, तर आपले ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात. म्हणून क्रमांक सोडण्यापूर्वी बँक, आधार, प्राप्तिकर आणि निवृत्तिवेतन या चारही ठिकाणी नवा नोंदवावा. आपल्या नावावर दुसऱ्याच कोणी सिम घेतले आहे काय, हे पाहण्याची सोय दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर २०२३ पासून आहे. तिथे अनोळखी क्रमांक दिसला, तर तो आपला नव्हे, असे तिथेच कळविता येते. आणि चांगला चालत असलेला फोन अकस्मात मुका झाला, कित्येक तास सिग्नलच नाही, तर केवळ नेटवर्कला दोष देऊन स्वस्थ बसू नये. आपल्या क्रमांकाचे दुसरे सिम कोणी काढले नाही ना, याची दूरध्वनी कंपनीकडे चौकशी करावी, आणि बँकेला सावध करावे.

पाचवा उपाय घरातला. यंत्राच्या साहाय्याने आता माणसाच्या आवाजाची नक्कल करता येते. "बाबा, मी अडचणीत आहे, पैसे पाठवा" हा आवाज मुलाचाच असेल, असे राहिलेले नाही. म्हणून प्रत्येक घराने आपापसात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा. आजीच्या गाईचे नाव, गावच्या ओढ्याचे नाव, काहीही चालेल. परंतु तो कोठेही लिहू नये.

आणि इतके करूनही घाव बसलाच, तर? तर सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे पहिला तास. १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा, आणि केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात. ते बँकांच्या साखळीतून बाहेर पडण्यापूर्वी अडविता आले, तर परत मिळण्याची आशा असते. त्याच वेळी आपल्या बँकेला कळवून तक्रारीचा क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात एक तत्त्व होते. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले, तरी बँकेला कळविल्यानंतरच्या नुकसानीचा भार त्याच्यावर पडू नये. म्हणजे कळविण्याची घटका नोंदलेली असणे किती महत्त्वाचे आहे, ते ध्यानी येईल. कायदाही आपल्या बाजूने आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६६-क नव्हे, तर '६६ सी' या कलमाखाली दुसऱ्याचा परवलीचा शब्द वा ओळखखूण कपटाने वापरणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१९ व्या कलमात तोतयेगिरीने फसविण्यास पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. परंतु कायदा चोराच्या मागून धावतो, आणि आपण गप्प राहिलो, तर त्याला धावणेही सुरू करता येत नाही.

काकूंचे अकरा दिवस तसेच गेले. बँकेला व पोलिसांना आम्ही बाराव्या दिवशी कळविले. १ लाख ८० हजारांपैकी एका खात्यात अडकून राहिलेले २२ हजार रुपये तेवढे परत येण्याच्या वाटेवर आहेत. पहिल्याच दिवशी कळते तर किती वाचले असते, हे सांगता येत नाही, आणि तो हिशेब मी काकूंपुढे मांडणारही नाही. चूक त्यांची नव्हे. अपराध चोराचा आहे. पण त्या अकरा दिवसांचे मौन मात्र केवळ काकूंचे नव्हते. फसलेल्या माणसाला हसण्याची आपली जी सवय आहे, तिचाही त्यात वाटा होता.

म्हणून समारोप करताना कार्यकारिणीपुढे मी तीन सूचना ठेवतो. या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सभासद-सूची अवश्य असावी. पन्नास वर्षांनी आपली नातवंडे ती प्रेमाने चाळतील. परंतु तीत नाव आणि मूळ गाव एवढेच असावे. जन्मतारखा, पत्ते व दूरध्वनी क्रमांक चिटणिसांच्या कपाटात राहू द्यावेत. दुसरे, मंडळातील दोन जाणकार व्यक्तींनी, त्यांत एक महिला असावी, अशा प्रसंगी केव्हाही हाक मारली तरी धावून जाण्याचे पत्करावे. १९३० ला फोन करताना शेजारी बसणारे माणूस असले, तरी हात कापायचे थांबतात. आणि तिसरी सूचना आपणा सर्वांना. आपल्यापैकी जे एकटे राहतात, त्यांना आठवड्यातून एकदा आपण होऊन फोन करावा, आणि त्यांना नावाने, नात्याने हाक मारावी. काकूंना ज्या हाकेची भूक होती, ती आपण आधी मारली असती, तर परक्याच्या तोंडी ती एवढी गोड लागली नसती.

पन्नास वर्षांपूर्वी या मंडळाने अनोळखी गावात ओळख देण्याचे काम हाती घेतले. पुढील पन्नास वर्षांत ती राखण्याचेही काम त्याला करावे लागेल. त्यासाठी त्याला बळ मिळो, अशी प्रार्थना करतो.